खिशातल्या फोनवरून घरच्या लॅपटॉपवर कोडिंग करायचं असेल तर

मागच्या मे महिन्यात मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला चाललो होतो. संगमेश्वर गेलं आणि मामेभावाचा फोन आला, "दादा, पाच डझनाची पेटी एका डझनाच्या भावात जातेय, तीन ऑर्डरी पडल्या पण, कायतरी कर लवकर." त्याच्या आंब्याच्या ऑर्डरी घेणारं एक छोटंसं पान मी बनवून दिलंय, आदल्या रात्री घाईत त्याच्या भावाच्या हिशोबात हात घातला होता, आणि ज्या लॅपटॉपवर तो सगळा कोड आहे तो डोंबिवलीला कपाटावर. खिडकीशी बसून फोनवरूनच त्या लॅपटॉपमध्ये शिरलो, चूक सापडली, एक गुणाकार राहिला होता, तो घातला आणि टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतोय का हे बघणाऱ्या तपासण्या, चालवायला लावल्या. तेवढ्यात उक्शी गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात. साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे तो, नेटवर्क शून्य. भोके यायच्या आधी पलीकडे उजेड दिसला, फोनला दांड्या आल्या, आणि स्क्रीनवर टेस्ट पूर्ण होऊन बसलेल्या. पुश केलं, म्हणजे बदललेला कोड साईटकडे पाठवला, साईट सरळ झाली.

हे ऐकून ऑफिसातल्या दोघातिघांनी विचारलं की फोनवर असं कोडिंग करायला कुठलं ॲप घेतोस. एकच असं ॲप नाहीये, तीन-चार छोट्या गोष्टी एकमेकांना जोडलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे. ते काम कळलं की सेटअप तासाभरात होतो, नाही कळलं तर नुसत्या कमांडी कॉपी-पेस्ट करून दोन दिवस जातात (माझे गेलेत). कमांडी मी इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात रोमनमध्ये करायच्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, फोनवर कोड ठेवायचा नाही आणि चालवायचाही नाही. कोड, पायथन, डेटाबेस, सगळं घरच्या मशीनवर. फोन फक्त त्या मशीनची स्क्रीन आणि कीबोर्ड झालाय, लांबचा. त्यामुळे फोन बराच जुना असला तरी चालतो आणि नेट टूजीवर घसरलं तरी चालतं कारण इकडून तिकडे जातात ती फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. टीमव्ह्यूअरसारखं अख्खं डेस्कटॉप फोनवर आणायचा प्रयत्न मी केला होता, सहा इंचात पंधरा इंच बघायचं आणि बोटाने माऊस ओढायचा, त्यापेक्षा टर्मिनल, म्हणजे नुसत्या कमांडी टाईप करायची खिडकी, शंभर पटीने बरं.

आता अडचणी कुठे येतात ते बघू. पहिली अडचण, फोनला घरचा लॅपटॉप सापडायचा कसा. दुसरी, लॅपटॉपला कळायचं कसं की हा मीच आहे, कुणी भलता नाही. तिसरी, मधे नेट तुटलं की चाललेलं काम मरू द्यायचं नाही.

दुसरीपासून सुरू करतो कारण ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नीट सुटलेली आहे. एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनमधे कुलूपबंद रस्त्याने शिरायची पद्धत. १९९५ साली फिनलंडमधे, हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकायला बसलं होतं, कारण तेव्हा टेलनेट नावाच्या प्रकारात पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकाने वैतागून एसएसएच लिहिलं, ज्यात सगळं बोलणं कुलूपबंद जातं. पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर. फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता तो त्याने मागून घेतला, अजून तोच आहे.

घरच्या मशीनवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर, झालं. मॅक असेल तर सेटिंगमधे शेअरिंगमधे जाऊन रिमोट लॉगिन चालू करायचं. विंडोजमधेही २०१८ पासून ओपनएसएसएच सर्व्हर ऑप्शनल फीचर म्हणून मिळतो पण माझं स्पष्ट मत, जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि मोकळे व्हा, पुढचं सगळं सोपं जातं.

फोनवर अँड्रॉइड असेल तर टर्मक्स, हे टर्मिनलचं ॲप आहे. हे प्ले स्टोअरवरून न घेता एफ-ड्रॉइड नावाच्या दुसऱ्या ॲप स्टोअरवरून घ्या, प्ले स्टोअरवरची आवृत्ती मधे बराच काळ अडकून पडली होती आणि जुनी उत्तरं वाचून लोक अजून गोंधळतात. आयफोनवाल्यांसाठी ब्लिंक शेल आहे, टर्मियस आहे. टर्मक्समधे गेलात की पीकेजी अपडेट, मग पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच मॉश. मॉश काय ते पुढे सांगतो.

मग किल्ली बनवायची, एसएसएच-कीजेन, टाईप द्यायचा ईडी२५५१९. ही कमांड दोन फायली बनवते आणि इथे नवख्यांची हमखास गल्लत होते. एक फाईल किल्ली, दुसरी फाईल कुलूप, असं समजा. जिच्या नावाच्या शेवटी डॉट पब आहे ते कुलूप, ते कुणालाही द्या, दहा मशीनवर लावा, व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी काही बिघडत नाही. दुसरी जी आहे ती किल्ली, ती फोनमधून बाहेर कुठेही जाता कामा नये, ड्राईव्हवर बॅकअप नको, ईमेल नको. बनवताना ती पासफ्रेज विचारते, बहुतेक जण तिथे एंटर मारून पुढे जातात. फोन रिक्षात राहिला तर काय, हा विचार करा आणि चार शब्दांचं काहीतरी टाका.

कुलूप घरच्या मशीनवर न्यायला एसएसएच-कॉपी-आयडी ही कमांड आहे. पहिल्यांदा दोन्ही एकाच वायफायवर असताना हे करा. पहिल्या वेळी ती विचारेल की या मशीनचा फिंगरप्रिंट असा-असा आहे, ओळखता का, तिथे यस. यापुढे फोन लॅपटॉपच्या दारात आला की लॅपटॉप एक कोडं घालतो जे फक्त किल्लीवालाच सोडवू शकतो, फोन ते सोडवतो, दार उघडतं. पासवर्ड जातच नाही कुठे. आणि किल्लीने नीट आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच लॅपटॉपवरच्या एसएसएचडी कॉन्फिग या सेटिंगच्या फाईलमधे पासवर्ड ऑथेंटिकेशन नो करायचं, आधी नाही. ते करताना एक सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या सेशनमधून तपासा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर कुलूप लावून बसाल, आणि मग कपाटावरचा लॅपटॉप खाली काढून स्क्रीन उघडून सगळं निस्तरावं लागतं, विचारा मला.

आता पहिली अडचण, सापडायचा कसा. घरातल्या वायफायवर सगळं मस्त चालतं, जिना उतरून मोबाईल डेटावर आलात की बंद. कारण घरात लॅपटॉपचा पत्ता असतो १९२.१६८ वगैरे, तो फक्त घरापुरता. सोसायटीचं उदाहरण घ्या. सोसायटीचा पोस्टाचा पत्ता एकच, आत दोनशे फ्लॅट. तुम्ही आतून कुणाला पत्र पाठवलंत तर वॉचमन लक्षात ठेवतो की हे बी-७०४ वाल्यांनी पाठवलंय, उत्तर आलं की वर पाठवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला आणि म्हणाला "जोशींकडे जायचंय", तर वॉचमन म्हणणार कोण जोशी, नोंद नाही, परत जा. राऊटर हेच करतो. आणि हल्ली तर नेट देणाऱ्या कंपन्यांनी अशा कित्येक सोसायट्या मिळून एकच पत्ता दिलेला असतो कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपासच आहेत, ते पुरत नाहीत. म्हणजे वॉचमनवर अजून एक वॉचमन, आणि तो वरचा आपल्या हातात नाही.

पूर्वी लोक राऊटरमधे पोर्ट फॉरवर्डिंग करायचे, म्हणजे वॉचमनला सांगून ठेवायचं की २२ नंबरवर कुणीही आला तर सरळ वर पाठव. मीही एकदा केलं होतं. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी दार ठोठावणाऱ्यांची पानंच्या पानं. ते कुणी तुमच्यावर डूख धरून केलेलं नसतं, बॉट सगळ्या इंटरनेटवर फिरत असतात आणि प्रत्येक दाराची कडी हलवून बघतात. किल्ली असेल तर आत येणार नाहीत, तरी मुळात दार रस्त्यावर उघडायचंच कशाला. आणि वरचा वॉचमन असेल तर हा उपाय चालतही नाही.

त्याऐवजी टेलस्केल. हे वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी कुलूपबंद रस्त्यावर, बांधलेलं आहे, वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमधेच, म्हणजे गाभ्यातच आलंय, त्यामुळे पाया पक्का. टेलस्केल घरच्या मशीनवर आणि फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा, दोघांनाही १०० ने सुरू होणारा एकेक पत्ता मिळतो आणि तो पत्ता कायम तोच राहतो, फोन घरी असो, लोकलमधे असो नाहीतर रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या बागेत. स्वतःपुरतं वापरायला पैसे पडत नाहीत.

हे होतं कसं, तर वॉचमनची सवय वापरून. वॉचमन आतून बाहेर गेलेल्याचं उत्तर आत सोडतो ना, मग फोन आणि लॅपटॉप दोघंही बाहेरच्या एका ओळखीच्याला आपापला पत्ता कळवून ठेवतात, आणि मग दोघंही एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकतात. दोन्हीकडच्या वॉचमनला वाटतं की आपल्या माणसानेच आधी पाठवलंय आणि हे त्याचं उत्तर आलंय, सोडतो आत. एकदा असा रस्ता पडला की बोलणं थेट होतं. काही नेटवर्कवर वॉचमन फारच खडूस असतो, तिथे मग टेलस्केल आपल्या रिले सर्व्हरमधून बोलणं फिरवून नेतं, थोडं सावकाश होतं पण कुलूपबंदच असतं, मधला सर्व्हर ते वाचू शकत नाही. थेट चाललंय की फिरून हे बघायला टेलस्केल पिंग ही कमांड आहे.

दोन गोष्टी यात कुणी आधी सांगत नाही. एक, टेलस्केलच्या लॉगिनची मुदत साधारण १८० दिवसांनी संपते, फोनवर परत लॉगिन करता येतं पण घरच्या मशीनची मुदत तुम्ही गावाला असताना संपली तर गेलं सगळं, म्हणून ॲडमिन पानावर जाऊन घरच्या मशीनपुरती की एक्स्पायरी बंद करून ठेवा. दुसरी, अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालवतो, ऑफिसचं व्हीपीएन चालू केलंत की टेलस्केल गपचूप बंद होतं आणि तुम्ही अर्धा तास लॅपटॉपला शिव्या घालत बसता.

आता तिसरी अडचण, माझ्या मते खरी हीच. एसएसएचने आत गेलात, टेस्ट चालू केल्या, बोगदा आला. सेशन तुटलं की त्यात चाललेला प्रोग्रामही सहसा त्याच्याबरोबर मरतो. फोनवर तर बोगदा लागतही नाही, दुसरं ॲप उघडून चहाचे पैसे देऊन परत आलात तेवढ्यात अँड्रॉइडने टर्मक्स मारलेलं असतं, बॅटरी वाचवायला.

याला उपाय टीमक्स. हे घरच्या मशीनवर चालतं, फोनवर नाही, आणि हाच मुद्दा आहे. टीमक्स म्हणजे लॅपटॉपवर कायम उघडी असलेली एक खोली, तुम्ही तिथे जाता, काम लावता, बाहेर पडता, आत मिक्सर चालूच राहतो. टीमक्स न्यू म्हटलं की खोली उघडली, कंट्रोल-बी दाबून सोडलं आणि मग डी दाबला की तुम्ही बाहेर, टीमक्स अटॅच म्हटलं की परत आत, जिथे होतात तिथेच, कर्सर त्याच अक्षरावर. नेट तुटलं तर तुम्हाला ढकलून बाहेर काढल्यासारखं होतं, खोलीला काही होत नाही. सकाळी डेस्कवर बसून लॅपटॉपवर जे उघडलंत तेच रात्री फोनवर उघडता येतं, एकाच वेळी दोन्हीकडे दिसतंही, माझ्या भाचीला तो जादूचा प्रयोग वाटला होता.

मॉश हा या सगळ्यातला चैनीचा भाग, तुटक्या नेटवर टिकून राहणारा एसएसएचचा जोडीदार. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून आलं. एसएसएच टीसीपी नावाच्या ज्या पद्धतीवर चालतं त्यात कनेक्शन म्हणजे दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट यांची जोडी, वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात की तुमचा पत्ता बदलला, जोडी फुटली. मॉश पहिली ओळख एसएसएचनेच करून घेतं, मग यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर जातं आणि म्हणतं पत्ता कुठलाही असो, बरोबरच्या किल्लीने बंद केलेलं पाकीट आलं की तो तूच. (टेलस्केल असेल तर १०० वाला पत्ता बदलत नाहीच, त्यामुळे साधं एसएसएचही बरंच टिकतं, हेही खरं.) पण मॉशची खरी मजा टायपिंगमधे आहे. साध्या एसएसएचमधे तुम्ही एक अक्षर दाबलंत की ते डोंबिवलीला जातं, तिथून परत येतं, तेव्हा तुमच्या स्क्रीनवर उमटतं. नेट हळू असेल तर चिखलात चालल्यासारखं. मॉश अंदाज बांधून अक्षर लगेच दाखवतं आणि नेट फारच हळू असेल तर पलीकडून पावती येईपर्यंत त्याखाली रेघ मारून ठेवतं. बोगद्यात मी कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मेसेज टाईप करत होतो, सगळी अक्षरं अधोरेखित, वरती निळ्या पट्टीत इंग्रजीत लिहून येत होतं की शेवटचा संपर्क ४७ सेकंदांपूर्वी, मग दोन मिनिटांपूर्वी, आकडा वाढत चाललेला. बाहेर आलो, पट्टी गेली, रेघा पुसल्या गेल्या.

मग मॉश असेल तर टीमक्स कशाला, असं विचारतात. कारण अँड्रॉइडने टर्मक्सच मारलं तर मॉशचं फोनवरचं टोक मेलं, ते परत जोडता येत नाही. शिवाय मॉशमधे वर स्क्रोल करून जुनं बघता येत नाही, टीमक्समधे येतं. दोनपैकी एकच घ्यायचं असेल तर डोळे मिटून टीमक्स. आणि टर्मक्सला फोनच्या सेटिंगमधे बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, काम चालू असताना टर्मक्स-वेक-लॉक मारून ठेवा.

हे सगळं रोज टाईप करायचं नसतं. फोनच्या एसएसएच कॉन्फिगमधे घरच्या मशीनला "घर" असं नाव देऊन ठेवलंय आणि एका अक्षराचा एलियस (लांब कमांडचं टोपणनाव) बनवलाय, जो मॉशने घरी जातो आणि "काम" नावाची टीमक्सची खोली असेल तर त्यात शिरतो, नसेल तर उघडतो. टीमक्स न्यूला मोठा ए दिला की हे होतं. जी दाबलं, एंटर, आत.

फोनवर टाईप करायचं म्हणजे बोटांची परीक्षा असते. टर्मक्सच्या कीबोर्डवर एस्केप, टॅब, कंट्रोल, बाण यांची एक ओळ येते आणि आवाज कमी करायचं बटण कंट्रोलसारखं वापरता येतं, हे कळल्यावर आयुष्य सुधारतं. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि तुम्ही जीआयटी म्हणून भलतंच काहीतरी देवनागरीत टाकता, हे आपलंच खास दुखणं. टर्मिनलमधल्या एडिटरपैकी विम येत असेल तर उत्तम कारण त्यात बटणं कमी दाबावी लागतात, नसेल येत तर नॅनो. पण खरं सांगतो, फोनवर दोनशे ओळींचा नवा कोड लिहायला जाऊ नका. लॉग बघणं, अडकलेलं काही रिस्टार्ट करणं, एक ओळ दुरुस्त करणं, दुसऱ्याने केलेला बदल वाचणं, एवढं फोनवर फार छान होतं. फार लिहायचंच असेल तर घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या.

हल्ली टर्मिनलमधे चालणारे एआय एजंट आलेत, जे सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून आणि कमांडी चालवून करतात, त्यांच्यासाठी ही व्यवस्था अगदी फिट बसते, टीमक्समधे एजंट चालू ठेवायचा, फोनवरून दोन वाक्यांत काम सांगायचं, अर्ध्या तासाने येऊन बघायचं. फक्त तो मधेमधे परवानगी मागतो, ही कमांड चालवू का, आणि लोकलच्या गर्दीत उभं राहून एका अंगठ्याने माणूस हो हो करत जातो. डेस्कवर बसून जे वाचलं असतं ते फोनवर वाचत नाही आपण. म्हणून एजंटला नेहमी वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, काम करायला लावतो आणि पुशची परवानगी फोनवरून देत नाही.

ब्राउझरमधे उघडणारे क्लाउडमधले एडिटर पण आहेत, गिटहबचं कोडस्पेसेस वगैरे, घरी मशीन नसेल तर तो पर्याय ठीक. टॅबवर बरं दिसतं, फोनवर डावीकडचा पॅनेल उघडला की कोडला जागाच उरत नाही.

घरच्या लॅपटॉपचं थोडं राहिलं. झाकण लावल्यावर तो झोपतो, लिनक्सवर लॉगइनडी कॉन्फिगमधे हँडल लिड स्विच इग्नोर करायचं, आणि डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमधलं आपोआप सस्पेंडही बंद. मॅकवर कॅफिनेट ही कमांड आहे, पण ती झाकण उघडं असेपर्यंतच त्याला जागं ठेवते. सोय असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा, चोवीस तास पूर्ण चार्जवर ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तासदोन तास निघतो पण राऊटर लगेच मरतो, म्हणून राऊटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावलाय. फोन हरवला तर दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून दोन कामं करायची, टेलस्केलच्या ॲडमिन पानावरून तो फोन काढून टाकायचा आणि लॅपटॉपवरच्या ऑथराइज्ड कीज फाईलमधली त्या फोनची ओळ पुसायची. म्हणून प्रत्येक फोनची किल्ली वेगळी बनवा आणि ओळीच्या शेवटी फोनचं नाव लिहून ठेवा, नाहीतर कुठली ओळ कुणाची हे सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

एवढं सगळं करून गणपतीत गावाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सापडेचना. टेलस्केल म्हणतंय ऑफलाइन. दोन तास फोनवर डोकं आपटलं, मग आईला सहज विचारलं तर म्हणाली, "अरे आठ दिवस घर बंद, मी मेन स्विच बंद करूनच निघाले ना." आता मेन स्विचच्या डब्यावर आतून कागद चिकटवलाय, वरचा एमसीबी बंद करू नये. त्याखाली आईने तिच्या अक्षरात लिहिलंय, "बिल तू भरणार."